तिचा अर्ज विचाराधीन होता

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून मला संगीत मंडळाच्या कार्यकारिणीत घेतलं. गाणं मला बेताचंच यायचं. लग्नाआधी पाच-सहा वर्षं शिकले होते. पुढे अंबरनाथला आले आणि मुलीचं बाळपण, सासूबाईंचं आजारपण यात ते मागे पडलं. तानपुरा मात्र चोख लावता यायचा. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर अशा तिन्ही ठिकाणांचं मिळून आमचं मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी बदलापूरला एका शाळेच्या सभागृहात गाण्याची बैठक व्हायची आणि अंबरनाथला दोन भाड्याच्या खोल्यांत गाण्याचे वर्ग भरायचे. कार्यकारिणीत नऊ माणसं, आठ पुरुष आणि मी. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. सगळे मला वहिनी म्हणत, आणि वहिनीला फारसं काही विचारत नसत. मलाही त्याचं काही वाटत नसे.

वर्ग गुरुजी घ्यायचे. मंडळ त्यांनीच उभं केलेलं. साठीच्या जवळ आलेले, पांढराशुभ्र झब्बा, आवाजात अजून धार. त्यांच्याबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की त्यांचं गाणंही खोटं असेल. तसं नव्हतं. भर दुपारी पंखा बंद करून ते यमन शिकवायला बसले की गंधार लागताना अंगावर काटा यायचा. आमच्या भागात असं गाणं समोर बसून ऐकायला मिळतं, या कौतुकात आम्ही सगळे होतो. त्यांच्या पायाशी वाकताना मला कधी संकोच वाटला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना एका रविवारी ती बदलापूरच्या बैठकीला आली. सोबत आई होती. दोघी सभागृहाच्या दाराशी, चपलांच्या जवळ बसल्या. पुढे सतरंजी मोकळी होती, तरी कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही. मीही नाही. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली, कारण बायकांमध्ये मीच तेवढी वहीपेन घेऊन बसलेली दिसत होते.

"दीदी, इकडे शिकायला मिलेल काय? मला पण?"

एकवीस वर्षांची होती. बी.कॉम. झालेली. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या वस्तीत, वडिलांचं शिलाई मशीन विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे ती बसायची. आजीबरोबर टिकाण्यात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, लहानपणापासून भजनं म्हणायची. गुरुजींनी तिला तिथेच गायला सांगितलं. तिने उभ्या उभ्याच आजीचं एक सिंधी भजन म्हटलं. शब्द आम्हाला कळले नाहीत, पण आवाज वर गेला तसं सतरंज्या गुंडाळणारी माणसं हातातलं काम टाकून थांबली.

"आवाज आहे," गुरुजी म्हणाले. "मंगळवारपासून ये."

वर्गाला बसायला सभासद असण्याची गरज नव्हती. बैठकीत गायचं असेल, मंडळाच्या सभेत बोलायचं असेल तर मात्र सभासदत्व लागे, आणि त्यासाठी अर्जावर दोन सभासदांची शिफारस लागे. तिने दोनतीन महिन्यांनी अर्ज केला. एक सही मी केली. दुसरी कुणी करेना. आमच्या चिटणीसांनी अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलने 'विचाराधीन' असं लिहिलं आणि तो फायलीत ठेवला.

"वहिनी, मुलगी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही," ते मला म्हणाले. "पण एक आली की तिच्यामागे दहा येणार. मग मंडळाचं वळण बदलतं. तुम्ही कॅम्पात जाऊन बघा, कसला आवाज, कसली घाई. आपल्याकडे जरा शिस्त आहे."

ती कधी वर्गाला उशिरा आल्याचं मला आठवत नाही. उशिरा यायचे ते आमचे कोषाध्यक्ष.

तिला 'ळ' म्हणता येत नसे. 'वेळ'चं 'वेल' व्हायचं, 'कमळ'चं 'कमल'. अभंग शिकताना वर्गात कुणीतरी हळूच तिची नक्कल करी आणि बाकीचे हसत. ती पण हसायची, मान खाली घालून. खरी गंमत अशी की ख्यालाच्या बंदिशी काही मराठीत नसतात, ब्रज-हिंदीत असतात. त्यातले शब्द ती आमच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ म्हणायची, अर्थही तिला कळायचा. पण आमच्या मराठी उच्चारांच्या बंदिशींना कधी कुणी हसलं नाही.

वर्षभर झालं असेल. एकदा वर्ग सुटल्यावर मी तानपुऱ्यांना गवसण्या घालत होते. बाकीच्या मुली जिन्याने खाली गेल्या होत्या. ती मागे राहिली.

"दीदी, एक सांगू? गुरुजींना नाही सांगायचं."

"सांग ना."

"ते श्वास शिकवतात ना... मला एकटीला थांबवून. तेव्हा हात ठेवतात. इथे." तिने स्वतःच्या पोटाकडे बोट केलं. मग बोट थोडं वर नेलं आणि हात मागे घेतला. "मी सांगितलं, गुरुजी, समझ गई. तरी काढत नाहीत. मला नाही आवडत, दीदी."

मला तिचं म्हणणं लगेच पटलं होतं. हे मी इतक्या वर्षांनी स्वतःशी कबूल करते. मला आश्चर्यही वाटलं नाही, म्हणजे कुठेतरी मला आधीच ठाऊक असणार. लांबून बघितलेलं, नजर वळवलेली. तरी मी तिला काय म्हटलं, तर, "मोठी माणसं आहेत गं ती. त्यांच्या मनात तसं काही नसेल. तू जरा लांब बसत जा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग "अच्छा दीदी," म्हणाली आणि दुसऱ्या तानपुऱ्याची गवसणी मला घालून दिली.

पुढच्या महिन्याच्या कार्यकारिणीच्या सभेत चिटणीसांनी सांगितलं की त्या कॅम्पातल्या मुलीने एक पत्र आणून दिलं होतं, हिंदीत लिहिलेलं, गुरुजींच्या शिकवण्याबद्दल काहीबाही तक्रार. ते त्यांनी परत केलं. मंडळाच्या घटनेप्रमाणे तक्रार सभासदाने करायची, लेखी करायची आणि मराठीत करायची. ती सभासद नव्हती.

"काहीबाही म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं. ते एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ होते.

"जाऊ द्या हो साहेब. त्यांच्यात आणि आपल्यात फरक असतो. आपल्याकडे गुरू-शिष्य म्हणजे काय ते त्यांना कसं कळणार? तशीही ती आता येत नाही."

कुणीच पुढे काही विचारलं नाही. चिटणीस माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, लिहा. अनियमित हजेरीमुळे सदर विद्यार्थिनीचे नाव वर्गातून कमी करण्यात येत आहे."

आणि मी ते लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात. 'अनियमित' शब्दातले 'नि' आणि 'मि' दोन्ही ऱ्हस्वच आहेत ना, हे मी क्षणभर तपासलंही, शब्द चुकू नये म्हणून.

दोनेक वर्षं गेली. मी तिला एकदाच लांबून बघितलं, विठ्ठलवाडीच्या बस डेपोपाशी, हातात मशीनच्या सुट्या भागांची पिशवी होती. मी हाक मारली नाही. आपल्याला घाई आहे असं मनाशी ठरवलं.

मग दुसरी मुलगी आली. आली म्हणजे ती आमच्यातलीच होती, बदलापूरच्या एका डॉक्टरांची मुलगी, एम.ए. करत होती, चार वर्षं गुरुजींकडे शिकत होती. एका रविवारी बैठकीनंतर डॉक्टर अध्यक्षांना बाजूला घेऊन गेले. अध्यक्ष परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पाचव्या दिवशी अंबरनाथच्या वर्गाच्या खोलीत कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. पाचव्या दिवशी. डॉक्टरांनी मराठीत टंकलिखित पत्र दिलं होतं, आणि ते अध्यक्षांनी उभं राहून, एकेक शब्द जड होत असल्यासारखं वाचलं. त्यात श्वास शिकवण्याचं होतं, एकटीला थांबवण्याचं होतं, "समजलं गुरुजी" म्हटल्यावरही हात न काढण्याचं होतं.

अध्यक्ष आणि चिटणीस दोघं गुरुजींना आधीच भेटून आले होते. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, हो पण म्हटलं नव्हतं. राजीनामा मात्र लिहून दिला होता.

"प्रकृतीच्या कारणास्तव, असं लिहू," चिटणीस म्हणाले. "त्यांचा मान राहील, मुलीचंही नाव कुठे येणार नाही. वहिनी, घ्या लिहून."

मी पेनचं टोपण काढलं नाही.

"वहिनी?"

"मी हे लिहिणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्षांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "आणि तक्रार एक नाही. दोन आहेत. दोन वर्षांपूर्वी एक आली होती, ती आपण परत केली."

"ती कुठे तक्रार होती? तो कागद घटनेत बसत नव्हता."

"तो कागद ज्याबद्दल होता, तेच आज बसलं ना घटनेत?"

कोषाध्यक्ष म्हणाले की जुनं उकरून काय मिळणार. दुसरे एक जण म्हणाले की त्या मुलीचं खरंच तेच म्हणणं होतं, याला पुरावा काय. पत्र तर कुणाकडेच नाही. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं पत्र असेल तर ते समोर आलं पाहिजे. आठ दिवसांनी परत बसू. तोवर काहीच लिहायचं नाही."

घरी यजमान म्हणाले, "तू कशाला पडतेस यात? गेलाय ना तो माणूस?" गुरुजी गेले होते हे खरंच होतं. पण ते एका मुलीमुळे गेले होते, आणि दुसरीचं नाव माझ्या हाताने अनियमित म्हणून कापलेलं होतं.

पाच नंबर कॅम्पात तिचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. काउंटरवर तीच होती. समोर एक मशीन उघडून ठेवलेलं, हाताला तेल. मला बघून ती उठली, पण "दीदी" म्हणाली नाही. आतून तिची आई आली, मला ओळखून तिने स्टूल दिलं आणि त्यांच्याकडे आल्यागेल्याला देतात तसा पाण्याबरोबर भाजलेला पापड समोर ठेवला. तो पापड खाणं मला फार कठीण गेलं.

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या मुलीचं, सभेचं, तक्रार एक की दोन या वादाचं. ती ऐकत होती आणि एका फडक्याने बोटं पुसत होती, पुसून झाली तरी पुसत होती.

"ती डॉक्टर की बेटी आहे ना," ती म्हणाली. "तिचं लगेच ऐकलं?"

"हो."

"पाच दिवसांत."

"हो."

"पत्र आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "फाडलं नाही. पण तुम्हाला देणार नाही. द्यायचं तर मी येऊन देणार. सब के सामने." मग आईकडे वळून ती सिंधीत काहीतरी म्हणाली, आणि आई बराच वेळ नको नको म्हणत राहिली. भाषा कळत नसली तरी ते कळत होतं. शेवटी आई गप्प झाली.

आठ दिवसांनी ती आली. आई बाहेर बाकावर बसली. आत आठ पुरुष, मी आणि ती. ती बसली नाही. तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला.

"मराठीत सांगितलं तर बरं," चिटणीस म्हणाले.

"नको," अध्यक्ष म्हणाले. "जसं लिहिलंय तसं वाचा बेटा. इतकी वर्षं आपण बंदिशी ऐकतोय, आपल्याला समजेल."

ती वाचायला लागली. हिंदी साधी होती, दुकानातल्या हिशेबी माणसासारखी, एकही शब्द जास्तीचा नाही. कधी, कुठे, किती वेळा. डॉक्टरांच्या मुलीच्या पत्रात होतं तेच सगळं. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात थोडं बरंही वाटत होतं, कारण मी तिला इथवर आणलं होतं. तेवढ्यात तिने पुढचं वाक्य वाचलं.

"मैंने यह बात कमेटी की एक दीदी को भी बताई थी। उन्होंने कहा, थोड़ा दूर बैठा करो।"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. नाव पत्रात नव्हतं. पण कार्यकारिणीत बाई एकच होती, आणि आठही जणांच्या नजरा हळूहळू माझ्यावर आल्या. ते वाक्य दोन वर्षं त्या कागदात होतं. चिटणीसांनी तेव्हा ते पत्र सभेत वाचून दाखवलं असतं, तर मला तेव्हाच समजलं असतं.

मी उठून उभी राहिले. "ती मीच," मी म्हटलं. "तिने मला सांगितलं होतं. तिचं खरं आहे हे मला तेव्हाही कळलं होतं. मी तिला गप्प केलं आणि नंतर इथे बसून तिची हजेरी अनियमित म्हणून लिहिली. पत्र देईपर्यंत तिची हजेरी पूर्ण होती. हजेरीपत्रक कपाटात आहे, बघा." मग तिच्याकडे वळून मी म्हटलं, "मला माफ कर."

तिने कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या, अध्यक्षांच्या समोर टेबलावर ठेवला आणि "मैं जाऊँ?" असं विचारलं.

"जरा थांबा," अध्यक्ष म्हणाले. तेही उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "मी त्या दिवशी विचारलं होतं, काहीबाही म्हणजे काय. मला उत्तर मिळालं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. माझीही चूक आहे." ते फायलीकडे गेले, तिचा जुना अर्ज त्यांनी बाहेर काढला आणि दुसऱ्या शिफारशीच्या जागी स्वतःची सही केली. "तुम्ही आजपासून सभासद आहात."

तिने तो अर्ज बघितला. लाल पेन्सिलची अक्षरं अजून तशीच होती.

"नहीं साहब," ती म्हणाली. "तब चाहिए था." आणि ती गेली. बाहेर बाकावरून आई उठल्याचा आवाज आला, मग दोघींची पावलं जिन्यावर.

त्या दिवशी मी इतिवृत्त लिहिलं. वर्तनाबाबत आलेल्या दोन तक्रारींवरून गुरुजींना वर्गाच्या कामातून दूर करण्यात येत आहे, असं. 'दोन' या शब्दावर पाऊण तास वाद झाला. मत घेतलं तेव्हा पाच विरुद्ध चार असा तो राहिला. 'अनियमित हजेरी'ची जुनी नोंद चुकीची होती, हेही त्याखाली लिहिलं आणि मी तिथे सही केली.

नंतर घटना बदलली. तक्रार कुणीही करावी, सभासद असो नसो. कुठल्याही भाषेत करावी, तोंडी केली तरी चालेल. ती दोन बायकांनी ऐकावी आणि त्यातली एक मंडळाबाहेरची असावी. एकट्या विद्यार्थ्याला बंद दाराआड थांबवायचं नाही. सभासदत्वासाठी शिफारशीची अट काढून टाकली. हे सगळं मीच लिहून काढलं आणि वार्षिक सभेत वाचलं. टाळ्या वाजल्या नाहीत. एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले की गाण्याच्या मंडळाला हे असलं वाचावं लागतं, ही लाज आहे. मला त्यांचं म्हणणं पटलं, पण त्यांना अभिप्रेत होतं त्या अर्थाने नाही.

निम्मं मंडळ फुटलं. चिटणीस आणि तिघं-चौघं गुरुजींबरोबर गेले. गुरुजी शहाडजवळ एका ओळखीच्या घरी शिकवू लागले आणि त्यांच्या एकसष्टीला तिथे सत्कार झाला, हारतुरे झाले, भाषणं झाली. सत्काराचं पत्र मलाही आलं होतं. शिक्षा अशी त्यांना काही झाली नाही. डॉक्टरांच्या मुलीने गाणं सोडलं नाही. ती दुसरीकडे शिकली. आमच्या बैठका बदलापूरला चालू राहिल्या. माणसं कमी, पण पुढची सतरंजी आता मोकळी राहत नसे, कारण दाराशी बसलेल्यांना उठून पुढे बोलवायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. कॅम्पातली चार मुलं-मुली नंतर शिकायला आली. ती मात्र आली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला तिची आई उल्हासनगरच्या बाजारात भेटली. आम्ही दोघी कापडाच्या दुकानासमोर उभ्या राहिलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मुलीचं लग्न ठरत होतं, दुकान आता तीच बघत होती. मग आई म्हणाली, "दो साल घर में एक सुर नहीं निकाला उसने. टिकाने में भी नहीं. अभी गाती है. मशीन पे बैठती है तो गाती है."

मी विचारलं, "मी कधी ऐकायला येऊ का? नुसती बसेन. बोलणार नाही."

आईने माझा हात हातात घेतला. "उससे पूछ के बताऊँगी," म्हणाली.

दोन आठवड्यांनी तिचा निरोप आला, आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीकडून. दीदीला सांग, ती म्हणाली होती, अभी नहीं.

मी गेले नाही.